म्हशीला विचारायचं कसं?

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय दत्तू,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात मालकांच्या मोटारसायकलींमागं म्हशी पळवल्या, त्याचा व्हिडिओ बघून तू फोनवर म्हणालास, "म्हशीला सगळं कळतं, त्यात शास्त्र कसलं शोधायचं?" दवाखान्यात गर्दी होती, बोलणं अर्धवट राहिलं. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. म्हशीला कमी लेखायचं नाही रे, तिला नेमकं काय कळतं ते मला जाणून घ्यायचंय.

बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. मालक फॉन ऑस्टेन, निवृत्त गणित शिक्षक. बेरीज विचारली की हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. बघायला पैसे पडत नव्हते, लबाडीही नव्हती. १९०४ साली जाणकारांची समिती बसली, तिलाही काही खोट सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं एकेक गोष्ट बदलून पाहिली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. झापडं लावून माणूस दिसेनासा केला, तरी चुकायचा. प्रश्न विचारून माणूस खुराकडे बघायला जरासा वाकला की आपटणं सुरू. बरोबर आकडा आला की त्या माणसाचं डोकं नकळत केसभर वर जायचं आणि खूर थांबायचा. गंमत म्हणजे हे ठाऊक झाल्यावरही फुंग्स्टला स्वतःची हालचाल रोखता येईना. १९०७ मध्ये त्यानं हे सगळं छापलं. हान्सला गणित येत नव्हतं, पण माणसांना स्वतःची जी हालचाल कळत नव्हती ती त्याला दिसत होती. ही हुशारी मला बेरजेपेक्षा मोठी वाटते, आणि संशय घेतला म्हणूनच ती सापडली.

आता आपली म्हैस घे. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, पुढं मालकाची मोटारसायकल फटफटतेय आणि एवढ्या गर्दीत ती बरोबर त्याच्याच मागं धावते. कशाच्या मागं? त्याच्या हाकेच्या, गाडीच्या आवाजाच्या, की त्याच्या अंगाच्या वासाच्या? तीच गाडी दुसऱ्यानं चालवली तर? मालक परक्या गाडीवर गप्प बसला तर? आळीपाळीनं करून बघितल्याशिवाय 'कळतं' म्हणणं म्हणजे आपलंच मत तिच्या तोंडी घालणं.

धारेचंही तसंच. घरची बाई बादली खडखडवत गोठ्यात आली की म्हैस कास धुण्याआधीच पान्हावते. तो आवाज आणि दूध यांची सांगड तिनं बसवलेली असते. परका माणूस बसला की पान्हा चोरते. लोक म्हणतात, मुद्दाम रोखते. पण भीतीनं अंगात अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक वाढलं की पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम अडतं. तिच्या मनात असो वा नसो, दूध उतरत नाही. तरी परका ओळखला तिनंच ना! ती ओळख शिकलेलीच आहे. म्हणून तिला नुसतं यंत्र म्हणणारेही मला पटत नाहीत.

आपल्याकडेही प्राण्यांना काय कळतं ते तपासायचं काम चाललंय. संशोधक अनिंदिता भद्रा बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर या शास्त्रज्ञांकडे गांधीलमाश्यांवर काम करून पुढं कोलकात्याजवळच्या आयसर या विज्ञान संस्थेत गेल्या. तिथं त्यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढं झाकलेली दोन भांडी ठेवली आणि लांबून एकाकडे बोट दाखवलं. बरीच कुत्री भिऊन जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोटाच्या दिशेनं गेली. शिकवणी नाही, पट्टा नाही, ज्यांना आपण हाडहूड करतो तीच कुत्री! हा निकाल वाचून मला फार बरं वाटलं.

तुझ्या चुलतभावाच्या गोठ्यात गाडीचा प्रयोग करायचं मनात आहे. म्हशी दमणार नाहीत, बिचकणार नाहीत अशा बेतानं, सकाळच्या धारेनंतर. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. तेवढं त्याच्या कानावर घाल. गाडी चालवायला म्हशींना अगदी अनोळखी माणूस लागेल, आणि तू गेल्या कित्येक वर्षांत त्या गोठ्यात पाय ठेवलेला नाहीस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शिवा