माउस आमच्याच हातात ठेवणाऱ्या प्लॉटरवाल्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

इलेक्ट्रिक पॅनेलचं जीए ड्रॉइंग, म्हणजे एकूण मांडणीचं चित्र, व्हिजिओ या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून ए३ वर, १:१० ला (प्रत्यक्षाच्या दहाव्या हिश्श्याला) हवं होतं. काम एवढंच. पण आधी ज्याला विचारावं तो "फिट टू पेज मारा" म्हणून मोकळा. हेल्पलाइनवाल्यांनी तर कहर केला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका म्हणाले! फिट मारलं की ए३ चं चित्र ए४ वर जेमतेम ७० टक्क्यांनी उतरतं, १:१० चं १:१४ होतं आणि फॅब्रिकेटरने त्यावर पट्टी लावली की मीटरसाठी पत्र्यात कापायचा कटआउट चुकला. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तुम्ही मात्र पहिल्यांदा विचारलंत, "कुठला कागद बदलला? प्रिंटरचा की ड्रॉइंगचा?"

व्हिजिओतली सगळी गोम इथेच आहे. शिफ्ट आणि एफ५ दाबलं की पेज सेटअप उघडतं. त्यात प्रिंट सेटअपच्या टॅबमध्ये प्रिंटरचा कागद, तर पेज साइजच्या टॅबमध्ये ड्रॉइंगचं पान. ड्रॉइंगचं पान ए३ आणि प्रिंटरचा कागद ए४ राहिला, की प्रिंट तुकड्यांत निघते. ए३ म्हणजे दोन ए४ हे खरं, पण प्रत्येक तुकड्यातून समास वजा होतो, म्हणून दोनात मावत नाही आणि एखाद्या कागदावर नुसती बॉर्डरची रेघ येते. ऑटो साइज चालू असेल तर आणखी गंमत: एखादा शेप काठाबाहेर सरकला की पान आपणहून वाढतं. ते आधी बंद करायचं. टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगच्या नाव-माहितीची चौकट, का हलत नाही, तेही तुम्हीच दाखवलंत. तो बॅकग्राउंड पानावर असतो आणि त्या पानाचा आकार वेगळा बदलावा लागतो.

पण खरे आभार याचे नाहीत. काउंटरवर गर्दी होती, मागे प्लॉटरचा रोल संपत आला होता, तरी तुम्ही माउसला हात लावला नाहीत. पेन्सिलीच्या टोकाने स्क्रीनवर दाखवत राहिलात, क्लिक आम्हाला करू दिलंत. चुकीच्या टॅबवर गेलं की नुसतं "अं हं". शेवटी कोपऱ्यात १००० मिमीची एक रेघ काढायला लावलीत, प्रिंट अजून गरम असतानाच तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवलीत आणि पट्टी आमच्याकडे सरकवलीत. बरोबर १०० मिमी. बोलला काहीच नाहीत.

गिऱ्हाइकाला शिकवलं तर ते परत कशाला येईल, असा हिशोब करणारे पुष्कळ भेटतात. येतं की! आणि चार जणांना घेऊन येतं. आता ती रेघ आमच्या प्रत्येक टेम्प्लेटमध्ये आहे.

पुढच्या आठवड्यात ए१ ची दोन ड्रॉइंगं पाठवतोय, पीडीएफमध्ये, प्रिंट अ‍ॅक्च्युअल साइजनेच काढा. आणि त्या टेस्ट प्रिंटचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, ते याच बिलात लावा.

आपले,
पॅनेलवाले