आजी, तुझी दोन नावं

स्टुटगार्ट,
रविवार, 24 नोव्हेंबर 2024

तीर्थस्वरूप आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि व्हिडिओ कॉल लावला की तू सगळा वेळ तुझ्या पणतीकडेच बघत बसतेस. म्हणून यावेळी पत्र लिहिते आहे. बाबा वाचून दाखवतील. त्यांना सांग, सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका.

आज रविवार, म्हणजे इथे सगळं बंद. रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या काचपेटीत टाकायलासुद्धा आज मनाई, आवाज होतो म्हणून. पहिल्या वर्षी ही शांतता अंगावर यायची. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात वाढलेल्या मुलीला रस्त्यावरून एकही हाक ऐकू येत नाही म्हणजे काय, हे तूच समजू शकशील. आता मात्र रविवारची वाट बघते.

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट सांगायची आहे. 11 नोव्हेंबरला इथे संत मार्टिनचा दिवस असतो. मार्टिन हा रोमन फौजेतला शिपाई. थंडीत कुडकुडणारा भिकारी बघून त्याने आपला झगा तलवारीने मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. त्या दिवशी संध्याकाळी बालवाडीतली मुलं हातात काठीला टांगलेले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत रस्त्याने फिरतात. कंदिलाला इथे लाटेर्न म्हणतात. माझ्या लेकीने आठवडाभर खपून साळिंदराचा लाटेर्न केला होता, तो घरी आणताना पावसात भिजला आणि फाटला. रडून रडून डोळे लाल केले. मग एकदम तिची नजर बाल्कनीकडे गेली. आपला आकाशकंदील तिथे अजून लटकत होता, कारण तुळशीचं लग्न झाल्याशिवाय तो उतरवायचा नाही, ही तुझी शिकवण. "हा घेऊन जाते," म्हणाली.

मी नाही म्हटलं. दिवाळीचा कंदील, तो काय काठीला बांधून रस्त्याने फिरवायचा? पण तुझ्या नातजावयाने मला न विचारता तो उतरवला, आत बॅटरीचा छोटा दिवा बसवला आणि काठी दिली तिच्या हातात. चाळीस मुलांमध्ये तो एकच सहा कोनांचा, झिरमिळ्या लावलेला. बाकीची मुलं विचारायला लागली, तेव्हा ही त्यांना जर्मनमध्ये सांगत होती, माझी पणजी भारतात असलाच कंदील लावते. आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, माझा आकाशलाटेर्न सगळ्यांना आवडला!"

मी लगेच म्हटलं, "आकाशकंदील म्हण."

"डोख, आकाशलाटेर्न!"

डोख हा इथला एक छोटासा शब्द आहे. कुणी नाही म्हटलं की त्याला ठामपणे उलटून "आहेच मुळी" म्हणायचं, ते या एका अक्षरात होतं. आपल्याकडे असा शब्द नाही, म्हणून तिने तो तसाच मराठीत आणला आहे. जेवण झालं की "मी फेर्टिग झाले" म्हणते, म्हणजे माझं आटपलं. मी दिवसातून दहा वेळा तिला दुरुस्त करते. त्या रात्रीही केलं. ती गप्प झाली आणि घरी येईपर्यंत मराठीत एक शब्द बोलली नाही. जे बोलली ते सगळं जर्मनमध्ये.

रात्री झोप लागेना. मला फेब्रुवारी 2018 आठवला. बडोद्याला साहित्य संमेलन भरलं होतं आणि पुण्याच्या मावशीआजी आपल्याकडे उतरल्या होत्या. तू त्यांना विचारलंस, "माडीवरच्या खोलीत फावेल ने तुला?" त्या हसल्या. म्हणाल्या, "काय गं हे तुमचं गुजराती मराठी! फावेल काय, ने काय, फोडणीला वघार काय!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला ते लागलं होतं. तू मात्र शांतपणे उशीला अभ्रा घालत होतीस. म्हणालीस, "वाईला राहिले असते तर वाईसारखं बोलले असते. बडोद्यात राहते, बडोद्यासारखं बोलते."

आजी, मावशीआजींचं ते हसू मी सहा वर्षं मनात ठेवलं, आणि आता माझ्याच लेकीशी मी तसंच वागते आहे. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

तू 1961 साली वाईहून आलीस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस. गुजरात राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. घरातले म्हणायचे, बडोदं आपलंच, गायकवाडांचं. आणि ते खरंही होतं. गायकवाडांनी 1734 साली शहर घेतलं तेव्हापासून मराठी माणसं तिथे आहेत, कुणी पागेत, कुणी कारकुनीत. पण तुला काय त्याचं? तुला कृष्णेचा घाट सोडून यावं लागलं होतं आणि आमटी गोड लागत होती. खंडेराव मार्केटात वांग्याला रींगण म्हणतात हे तुला भाजीवालीने शिकवलं. तू सांगायचीस, ती एकेक भाजी उचलून नाव म्हणायची, तू मागून म्हणायचीस, आणि चुकलं तर ती हसायची नाही, पुन्हा म्हणायची. तुझी पहिली गुजराती शिक्षिका ती.

माझी इथली शिक्षिका आमची शेजारीण आहे. तुर्की आहे, चौऱ्याहत्तर वर्षांची. तुला एक योगायोग सांगते. तू बडोद्याला आलीस त्याच वर्षी, ऑक्टोबर 1961 मध्ये, जर्मनीने तुर्कस्तानशी मजूर आणण्याचा करार केला. त्या मजुरांना इथे नाव होतं "गास्टआर्बायटर", म्हणजे पाहुणे कामगार. पाहुणे, म्हणून भाषा शिकवायची गरज कुणाला वाटली नाही. काम संपलं की जातील. हिचा नवरा असाच गाड्यांच्या कारखान्यात आला, त्याच्यामागे 1972 साली ही आली. पुढच्याच वर्षी सरकारने भरती बंद केली. आता परत गेलो तर पुन्हा येता यायचं नाही, या भीतीने लोकांनी उलट बायकामुलांना बोलावून घेतलं आणि पाहुणे कायमचे राहिले. आमच्यासारख्यांसाठी सहाशे तासांचा भाषेचा वर्ग 2005 पासून सुरू झाला. ती मात्र जे शिकली ते दुकानात आणि जिन्यात.

जिन्यात असं म्हणते, कारण इथे केअरवोखे म्हणून प्रकार असतो. आळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने आठवडाभर जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकवतात. पहिल्यांदा पाटी आमच्या दाराला लागली तेव्हा मला तो अपमान वाटला होता. शेजारीण वर आली, झाडू हातात घेतला आणि पायरीचा कोपरा कसा काढायचा ते दाखवलं. मला ती "किझिम" म्हणते, म्हणजे "माझी लेक". तू ओटा धुऊन रांगोळी घालायचीस ते मला तिच्याकडे बघून आठवतं. हल्ली आमची पाळी असली की मी जिना झाडून झाल्यावर दाराशी छोटी रांगोळी काढते. वरच्या मजल्यावरचे आजोबा तिच्यावर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून जातात.

त्या आजोबांचं बोलणंही सांगते. मी एवढे वर्ग केले, परीक्षा दिली, आणि त्यांचं पहिलं वाक्य मला एक शब्दही कळलं नाही. ते श्वाबिश बोलतात, इथली बोली. वर्गात शिकवतात ते जर्मन वेगळं आणि जिन्यातलं वेगळं. या राज्याने स्वतःची जाहिरात केली होती, तिचं वाक्य असं: "आम्हाला सगळं येतं. प्रमाण जर्मन सोडून." एका सरकारने हे अभिमानाने फलकांवर लिहिलं! ते कळलं तेव्हा मला तुझा अभ्रा घालणारा हात आठवला.

पण सगळंच असं गोड नाही, आणि तुझ्यापासून लपवणार नाही. घर शोधत होतो तेव्हा सात महिने लागले. फोनवर आडनाव सांगितलं की "जागा कालच गेली" असं ऐकू यायचं. एकदा मी माझ्या जर्मन मैत्रिणीला त्याच दुपारी त्याच जागेसाठी फोन करायला लावला, तर तिला बघायला या म्हणाले. त्या रात्री मी खूप रडले होते. मग मला कमाटीबागेतलं ते वडाचं झाड आठवलं, जिथे तू मला शाळेत असताना घेऊन गेली होतीस. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब अमेरिकेत शिकून आले, 1917 साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, आणि आपल्या शहरात त्यांना राहायला कुणी खोली दिली नाही. पारशी वसतिगृहातूनही लोकांनी त्यांना बाहेर काढलं. त्या झाडाखाली ते बसून रडले, हे सांगताना तू म्हणाली होतीस, "ते घर न देणाऱ्यांत आपलीही माणसं असतील." मी तेव्हा लहान होते, मला ते नुसतं ऐकू आलं होतं. ते समजलं इथे, सात महिन्यांनी. आणि मला तर फक्त घर नाकारलं, माझं माणूसपण कुणी नाकारलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी खरं पत्र लिहायला बसले ती. बाबांनी इथे थांबून पाणी प्यावं.

आम्ही नागरिकत्वाचा अर्ज करायचा विचार करतो आहोत. पूर्वी आठ वर्षं राहावं लागायचं, या जूनच्या शेवटी नवा कायदा लागू झाला, आता पाच वर्षं पुरतात. आम्हाला सहा झाली. भाषेची परीक्षा झाली आहे. दुसरी एक तेहतीस प्रश्नांची असते, त्यात सतरा बरोबर यावे लागतात, तीही देऊ. जर्मनी आता म्हणते, जुनं नागरिकत्व ठेवा. आपला देश ठेवू देत नाही. 1955 चा आपला कायदा आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. निळा पासपोर्ट परत करावा लागेल. त्याऐवजी ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर हवं तेव्हा येता येतं, राहता येतं. पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

शेजारीण आणि मी एकाच टेबलावर बसून फॉर्म बघतो. पन्नास वर्षं तिने अर्ज केला नाही, कारण तुर्की पासपोर्ट सोडावा लागला असता. तिच्या पिढीला आता लेखी परीक्षाही माफ आहे, बोलता आलं की पुरे. तिचे दोन्ही राहतील. ती आनंदाने सही करते आणि मग माझ्याकडे बघून गप्प होते.

ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा मी इथे ऑफिसात बसून फोनवर आपल्या रस्त्यावरचं पाणी बघत होते. तुझा फोन लागत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, तुझं घर का हे? मी हो म्हटलं. मग संध्याकाळी घरी गेले, आणि त्यालाही घरच म्हटलं. सहा वर्षं मी इथे कर भरते. शाळेचं, बसचं, दवाखान्याचं काय व्हावं यात माझं मत नाही. माझी लेक इथेच जन्मली, इथेच शाळेत जाईल. तिच्या शाळेबद्दल मत द्यायला मला आवडेल. पण तो निळा पासपोर्ट हातात घेतला की त्यावर जन्मस्थळ वडोदरा लिहिलेलं दिसतं आणि फॉर्म पुन्हा ड्रॉवरमध्ये जातो.

यावर तुला एक विचारायचं आहे. लग्नात तुझं आडनावच नाही, नावही बदललं. तांदळात अंगठीने आजोबांनी नवं नाव लिहिलं आणि तू त्या दिवसापासून ती झालीस. बडोद्यात तुझं जुनं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण वाईहून कुणी आलं आणि त्या नावाने हाक मारली की तू लगेच वळतेस. मी पाहिलं आहे. पदर सावरून वळतेस, तोंडावर वेगळंच हसू असतं. आम्ही कधी विचारलं नाही. ते पहिलं नाव पुसलं गेलं तेव्हा तुला काय वाटलं होतं? किती वर्षांनी नव्या नावाला आपोआप ओ द्यायला लागलीस? आणि जुनं कुठे ठेवलंस, की साठ वर्षांनी हाक आली तरी सापडतं?

याचं उत्तर मला तुझ्याकडूनच हवं आहे. बाबांना सांगून लिहवून घे, किंवा फोनमध्ये बोलून पाठव. घाई नाही. टर्मिन, म्हणजे कचेरीतली वेळ, मिळायलाच इथे काही महिने जातील, तोवर मी सही करत नाही.

पुढच्या रविवारी व्हिडिओ लावते. तुझी पणती तुला आकाशलाटेर्नची गोष्ट सांगणार आहे. तिने ठरवलंय की पणजीला डोख शब्द शिकवायचा. तिला बोलू दे.

बाबांना आणि आईला नमस्कार. ओट्यावरच्या पायरीवरून जपून उतर.

तुझी,
थोरली नात

ता. क. कंदिलाचं एक टोक मिरवणुकीत फाटलं. मी त्याला इथला निळा पतंगाचा कागद चिकटवला आहे. पुढच्या दिवाळीलाही तोच लावू, हिचा हट्ट आहे.