दुरून काढलेला फोटो आणि रापणीतले आजोबा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात रविवारी वाचकांचे फोटो येतात ते मी आधी बघतो, बातम्या नंतर. त्यात समुद्राकाठच्या कोळ्याचा फोटो असला की खाली ठरलेली ओळ, 'दर्याचा राजा' नाहीतर 'कष्टाचं चीज', आणि नाव कुणाचं तर फोटो काढणाऱ्याचं. त्याबद्दलच लिहितोय, आणि मी लई शहाणा म्हणून नाही, मी पण तेच करून आलोय.

उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. फोटोचा नाद जुना (बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्या गावात एवढा नाद तर असणारच), पण रंकाळ्यावर तेच बगळे आणि तेच पाणकावळे काढून कंटाळलो होतो म्हणून डिसेंबरात १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स एका दिवसासाठी भाड्यानं घेतली आणि मेव्हण्याला घेऊन पहाटे ३ ला निघालो, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत उजाडताना मालवणात. उतरल्या उतरल्या लेन्स काढली तर समोरच्या काचेवर सगळं धुकं, घाटातल्या थंडीत गार पडलेली काच आणि किनाऱ्याची दमट हवा, दुसरं काय होणार. मेव्हणा शर्टानं पुसायला निघाला त्याला थांबवलं, पुसून काही होत नाही, काच तापेपर्यंत गप्प चहा प्यायचा.

मग मात्र मजा आली. दोन किलोचं धूड, माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ६०० म्हणजे ९०० सारखं दिसतंय, त्यामुळं हात जरा हलला की फोटो गेला, शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू केलंच नाही आणि उडत्या कुरवांना (सीगल) १/२००० ठेवलं. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर मागं मागं सरकत गेलो तसा सिंधुदुर्ग किल्ला होड्यांच्या पाठीला चिकटल्यासारखा दिसायला लागला. लोक म्हणतात लेन्स अंतर दाबते, खरं तर आपण लांब उभे राहतो म्हणून तसं दिसतं, लेन्स फक्त तेवढाच तुकडा कापून देते. दहा वाजता वाळू तापली आणि लांबचं सगळं पाण्यात बघितल्यासारखं थरथरायला लागलं, तिथं कितीही महाग लेन्स असू दे, फोकस बसत नाही.

त्याच्या आधी, साडेआठच्या सुमाराला रापण ओढत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडीनं जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणि दोन बाजूंनी माणसं मागं मागं जात ओढत असतात, बायका पण, म्हातारी पण, आणि मिळेल त्याचा प्रत्येकाला वाटा. मी लांबून लेन्स लावली. जाळं काठाला आलं आणि एक आजोबा आत बघून तोंड भरून हसले, सुरकुत्या, पांढरी दाढी, मागं उन्हात चमकणारं पाणी, धडाधड पंधरा-वीस फ्रेम घेतल्या. मनात ओळ पण तयार, 'समाधान'. मेव्हण्याला म्हणलं नाद खुळा, हा पेपरात येणारच.

तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं आणि ओरडले, "लांबसून कित्याक काढतास? हय येवा, दोरी धरा!"

गेलो. जाळ्यात बघतो तर नुसती जेलीफिश, त्यात चार-दोन बांगडे आणि मूठभर तारल्या. तीस-पस्तीस माणसांनी तासापेक्षा जास्त ओढून एवढंच. आजोबा हसत होते ते "झाला आज जेवाण" म्हणून. समाधान कसलं आलंय, पर्ससीनची मोठी जाळी टाकणारे आणि रात्री एलईडी दिव्यांनी मासे गोळा करणारे बाहेर सगळं उचलून नेतात म्हणून दोराला धरून चाललेलं बोलणं मी ६०० मध्ये कसं ऐकणार होतो? दुसऱ्या खेपेला आम्ही दोघांनी पण दोर धरला, दुकानात रोज तांब्याची तार ओढणारा माणूस मी, तरी तळहाताला फोड आले. जाताना नको नको म्हणताना दोन बांगडे हातात ठेवले, वाटा म्हणून.

तर साहेब, विनंती एवढीच, असे फोटो घेताना पाठवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, माणसाचं नाव काय आणि त्याला विचारलं होतं का. पक्ष्याला लांबूनच काढावं, जवळ गेलं तर बिचारं उडून जातं, पण माणूस तर बोलावतोय. नाव माहीत नसेल तर निदान 'कष्टाचं चीज' तरी छापू नका.

माझा तो फोटो सोबत जोडलेला नाही. दोर ओढण्याच्या नादात छापू का म्हणून विचारायचं राहूनच गेलं. प्रिंट काढून ठेवलीय, शिमग्याच्या आधी एक चक्कर मारणार आहे, हो म्हणाले तर नावासकट पाठवतो.

आपला एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर