राजीनामा तूर्तास ड्राफ्टमध्येच राहू दे

प्रिय सखे,

रात्री अडीच वाजता पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. बाळ मांडीवर आणि टायपिंग एका हाताने, हे अर्धवट राहिलेल्या शब्दांवरूनच कळत होतं. सोमवारी रुजू व्हायचंय, राजीनामा लिहून ठेवलाय, फक्त पाठवायचा बाकी आहे, असं लिहिलंयस. आणि शेवटी विचारलंयस, 'तू कसं जमवलंस गं?' हे फोनवर दहा मिनिटांत सांगण्यासारखं नाही. शिवाय दोघींपैकी एकीला तरी मध्येच उठावं लागणार. म्हणून पत्रच लिहायला बसले.

पहिले सहा महिने मला काहीही जमत नव्हतं. हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही, याचं आज वाईट वाटतंय. तू विचारायचीस आणि मी 'मजेत' म्हणायचे.

ऑफिसात दूध काढायला मला जुन्या फायलींची खोली दिली होती. तिच्या दाराला आतून कडी नव्हती. दाराला खुर्ची लावायची, तिच्यावर आपणच पाठ टेकून बसायचं, मांडीवर पंप, आणि बाहेर कुणाची चप्पल वाजली की दूध यायचंच थांबायचं. ताण आला की पान्हा अडतो, ही काही मनाची समजूत नाही. पिशवीवर तारीख आणि वेळ लिहिताना माझा हात थरथरायचा. एकदा ती पिशवी फ्रिजमध्ये ठेवायची राहून गेली आणि संध्याकाळी टेबलावरच सापडली. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला साधारण चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. माझं दूध काढून सहा तास होऊन गेले होते. बेसिनमध्ये ते ओतून देताना मी जितकी रडले, तितकी प्रसूतीच्या वेळीही रडले नव्हते.

म्हणून सांगते, सोमवारची वाट न पाहता आजच एचआरला ईमेल कर. आतून बंद होणारी खोली आणि त्यासाठीची वेळ, दोन्ही लेखी माग. मागताना ओशाळू नकोस. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व संरक्षण करारात हे स्पष्ट लिहिलंय की स्तनपानासाठी दिलेला वेळ हा कामाचाच वेळ धरायचा आणि त्याचा पगार द्यायचा. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही, पण आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालेली ही गोष्ट आहे. मी मात्र तो वेळ जेवणाच्या सुट्टीतून भरून काढत राहिले. तसं करू नकोस.

दुसरी चूक निघतानाची. लेक रडते म्हणून मी मागच्या दाराने गुपचूप सटकायचे. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मुलांना कळायला लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी असते. आणि ती परत येईल की नाही, हे मात्र अजून कळत नसतं. त्या वयात माझी लेक घरात असतानाही माझा पदर सोडेना. मी नजरेआड कधी होईन याचा तिला भरवसाच उरला नव्हता. मग पाळणाघरातल्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'सांगून जा. रडू दे, पण सांगून जा.' तेव्हापासून रोज तेच आणि तसंच : तिच्या तळहातावर पापा, मूठ मिटवायची, 'संध्याकाळी येते' म्हणायचं आणि वळून न बघता निघायचं. वळून न बघणं सगळ्यात अवघड गेलं. दोन आठवडे ती रडली. मग एके दिवशी तिने स्वतःहून हात पुढे केला.

पण सखे, मला खरं लिहायचंय ते वेगळंच आहे, आणि ते तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नाही. तू नोकरीबद्दल लिहिलंयस, बाळाबद्दल लिहिलंयस, नवऱ्याबद्दल एकच ओळ आहे : 'तो खूप मदत करतो.'

माझा नवराही खूप मदत करायचा. एका मोठ्या ऑडिटच्या मीटिंगमध्ये मी आकडे मांडत होते आणि मध्येच आठवलं, लेकीची लस कालच द्यायची होती. पुढचं वाक्य सुचेना. घरी येऊन त्याला विचारलं तर तो अगदी मनापासून म्हणाला, 'अगं, तू सांगितलं असतंस तर मी नेलं असतं.' आणि नेलं असतंही. तो खोटं बोलत नव्हता. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मी कशाने थकत होते ते तेव्हा पहिल्यांदा समजलं. कामं दोघं करत होतो. लक्षात ठेवत एकटी मी होते. लस कधी, डायपर किती उरलेत, ताप किती वाजता मोजला होता, मागच्या महिन्यातले कपडे आता आखूड झालेत, हे सगळं माझ्या डोक्यात चोवीस तास चालू. त्याला काम सांगणं हेसुद्धा माझंच एक काम होतं.

आपल्या दोघींच्याच घरची ही गोष्ट नाही. त्याच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगभरात घरच्या बिनपगारी देखभालीच्या कामाचे 76.2 टक्के तास बायका करतात. दिवसाला सरासरी 4 तास 25 मिनिटं, आणि पुरुष 1 तास 23 मिनिटं. हे मोजता येणारे तास झाले. लक्षात ठेवण्याचे तास कोण मोजणार?

आम्ही भांडलो, चांगले कडाक्याचे. मग ठरवलं की कामं वाटायची नाहीत, विषय वाटायचे. लसी, डॉक्टर, औषधं हा विषय त्याचा. म्हणजे तारीख आठवणं, वेळ घेणं, ऑफिसातून लवकर निघणं, रात्री ताप मोजणं, सगळंच. मी विचारायचंसुद्धा नाही. पुढची लस त्याने तीन दिवस उशिरा दिली. ते तीन दिवस मी ओठ दाबून गप्प बसले, आणि सांगते, अख्ख्या वर्षात इतकं कठीण काही केलं नव्हतं. थोडा उशीर चालतो हे डॉक्टरांनीही सांगितलं, आणि त्यानंतर त्याची एकही तारीख चुकली नाही. त्या वेळी मी तोंड उघडलं असतं तर तो विषय पुन्हा माझ्याकडेच आला असता. सासूबाईंना हे आवडलं नाही. 'बाप्याला काय कळतंय' म्हणाल्या. आता लेकीला बरं नसलं की त्या आधी त्यालाच फोन करतात.

ऑफिसबद्दल थोडंच लिहिते. परत गेल्यावर माझं मोठं काम वरिष्ठांनी परस्पर दुसऱ्याला दिलं, 'तुला आता झेपणार नाही' असं माझ्या वतीने ठरवून. बोलण्यात माया होती म्हणून मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं काम मी नंतर वाचलं. बऱ्याच देशांत स्त्री-पुरुषांच्या पगारातली मोठी तफावत पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडते, असं त्या दाखवतात. आणि हाक मारली की हजर राहणाऱ्यालाच जास्त पैसे देणाऱ्या नोकऱ्या ती तफावत वाढवतात. वाचून माझा राग कमी झाला नाही, पण दोष स्वतःला देणं थांबलं. तू पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांग, 'मला काय झेपेल ते मला विचारा.'

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. लेकीचं पहिलं पाऊल मी पाहिलं नाही. ते ताईंनी पाहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी ती माझ्याकडे ज्या सराईतपणे चालत आली, त्यावरून मी ओळखलं. याची भरपाई कशानेही होत नाही, आणि 'होते' असं मी तुला सांगणारही नाही.

नोकरी सोडूच नकोस असं माझं म्हणणं नाही. विचार करून सोडणाऱ्या आणि सुखात असलेल्या बायका मी पाहिल्यात. पण तुझा राजीनामा मध्यरात्री अडीचला, सलग तीन तासही झोप न मिळालेल्या बाईने लिहिलाय. तो तीन महिने ड्राफ्टमध्ये राहू दे. त्याआधी, या रविवारी, बाळ झोपलं की नवऱ्यासमोर कागद घेऊन बस आणि डोक्यात जे जे फिरतंय ते सगळं उतरवून काढ. कागद भरेल. मग त्यातले कुठले विषय त्याचे, ते त्यालाच निवडू दे.

सोमवारी दुपारी फोन कर. दार लावून बसता येईल अशी खोली मिळाली का, तेवढं आधी सांग.

तुझीच