मिरजेत एकदा मराठी, कन्नड आणि उर्दू ग्रंथपालांना एका टेबलाशी बसवा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

सीमेलगतच्या वाचनालयांच्या दाखल रजिस्टरात अशी नोंद सापडते: ‘कन्नड पुस्तक, प्रत 1, देणगी.’ पुस्तकाचे नाव नाही, लेखक नाही. नोंद करणाऱ्याला ती लिपी येत नव्हती, एवढेच कारण. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात घरात कन्नड आणि कचेरीत मराठी चालते. तिथला वाचक नाव घेऊन पुस्तक मागतो, तेव्हा ते कपाटात असूनही हाती लागत नाही.

मिरजेकडच्या उर्दू पुस्तकांचे दुखणे वेगळे. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते. आपण सवयीने डावीकडून उघडतो आणि नावाचे पान समजून शेवटच्या पानावर शिक्का मारतो. तारखेची चिठ्ठी आणि कार्डाचा खिसा शेवटी म्हणून चिकटवतो, तो नेमका पहिल्या पानावर, नावाच्या अक्षरांवर. पुढे पुस्तक बांधणीला गेले की बाइंडर नवा पुठ्ठा उलटा बसवतो. यात हेळसांड कुणाची नाही. दहा मिनिटे कुणी शेजारी बसून दाखवले असते तर हे टळले असते.

ही दहा मिनिटे मिळावीत म्हणून हे पत्र आहे. पुणे विभागातल्या पाच जिल्ह्यांसाठी मिरजेत दोन दिवसांची कामाची परिषद भरवा. तिथे कन्नड, उर्दू, हिंदी वाचकांना आणि कैकाडी, वडारी, पारधी, गोरबोली बोलणाऱ्या वस्त्यांना पुस्तके देणारे ग्रंथपाल एकत्र येतील. अधिवेशने होतात, आम्ही त्यांना जातो. तिथे अनुदान, वेतन आणि दर्जावाढ यांवर ठराव होतात आणि ते झालेच पाहिजेत. पण उद्घाटन, सत्कार आणि मनोगते यांत दुपार उलटते, आणि लांबच्या गावचा ग्रंथपाल शेवटची एसटी गाठायला उठतो.

मिरजच का, तर पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही बाजूंच्या गाड्या तिथे येतात. सातारा-कराडचा माणूस थेट उतरतो, बेळगावचाही. महिना नोव्हेंबरअखेरचा धरावा. पावसाळ्यात कृष्णेचा भरवसा नाही, 2019 चा पूर सांगली विसरलेली नाही. मार्चमध्ये हिशेब आणि लेखापरीक्षण असते. कार्तिकी एकादशीचा आठवडा मात्र टाळावा, पंढरपूरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. नोव्हेंबरअखेर गाळप सुरू झालेले असते, त्यामुळे ऊसतोड टोळ्यांच्या मुलांपर्यंत पुस्तकांची पेटी कशी न्यायची हे प्रत्यक्ष तळावर जाऊन ठरवता येईल.

प्रतिनिधी 100 पुरेत. त्यांतले निम्मे ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनाच्या दर्जात खालच्या पायरीवरच्या लहान वाचनालयांचे हवेत, आणि किमान एक तृतीयांश त्या-त्या भाषिक समाजातलेच हवेत. त्यांच्याविषयी बोलणारे दुसरेच कुणी नकोत. पहिल्या दिवशी अकरापर्यंत भाषण नको. दहा टेबले, प्रत्येकी दहा माणसे. प्रत्येकाने आपल्या वाचनालयातली, स्वतःला वाचता न येणारी पाच पुस्तके बरोबर आणायची. संध्याकाळपर्यंत 500 पुस्तकांच्या नोंदी पुऱ्या होतात: मूळ लिपीत नाव, देवनागरीत उच्चार, लेखक, प्रकाशक, वर्ष.

यात एक अडचण नक्की येईल. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे आहेत, ‘ओ’ही तसेच. मराठी लिहिताना आपण हा फरक करत नाही. टेबलागणिक वेगळे लिप्यंतर झाले तर शोध पुन्हा फसतो, म्हणून नियमांचा एक पानी तक्ता आधीच छापून द्यावा. टंकलेखन युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंचात हवे. जुन्या फाँटमधल्या याद्या पडद्यावर सुंदर दिसतात, पण ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालयांच्या संगणक प्रणालींत शोधल्या तर सापडत नाहीत. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य 891.46 आणि उर्दू 891.439, म्हणजे शेजारीच. कन्नड 894.814 वर जाते. लहान वाचनालयात ते थेट कोपऱ्यातल्या कपाटात पडते. तिथे क्रमांक तोच ठेवून कपाट दारापाशी आणावे, असे आमचे मत आहे.

ज्या बोलींत छापील पुस्तके हाताशी नाहीत, तिथे गाणी-गोष्टींचे ध्वनिमुद्रण करावे लागेल. आधी संमती, मगच मुद्रण. वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) एका तासाला साधारण 600 एमबी जागा घेते, तेव्हा मोबाइलच्या भरवशावर राहू नये.

अमेरिकेत कृष्णवर्णीय, मूलनिवासी, चिनी, आशियाई-पॅसिफिक आणि स्पॅनिशभाषक समाजांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांच्या पाच स्वतंत्र संघटना आहेत. त्यांनी 2006 मध्ये डलासला पहिली संयुक्त परिषद घेतली, मग 2012 मध्ये कॅन्सस सिटीत आणि 2018 मध्ये अल्बुकर्कीत. त्यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच की परिषद पाचही संघटनांनी मिळून भरवली. आपल्याकडेही कार्यक्रम ठरवायला उर्दू आणि कन्नड ग्रंथपाल पहिल्या बैठकीपासून हवेत. छापून झालेली निमंत्रणपत्रिका त्यांच्या हाती देऊ नये.

आता आपल्याकडून काय हवे ते. ‘ड’ वर्गात बहुधा एकच माणूस असतो. तो परिषदेला आला की वाचनालयाला कुलूप, आणि तपासणीत शेरा. म्हणून हे दोन दिवस कामकाजाचे धरले जातील, असे ग्रंथालय संचालनालयाचे परिपत्रक निघावे, तेही परिषदेच्या महिनाभर आधी. प्रवासखर्च जागेवरच, तिकीट पाहून द्यावा. नंतर मिळेल म्हटले की लहान गावचा माणूस येतच नाही.

बेळगाव-विजयपूरच्या ग्रंथपालांना बोलावायचे तर पत्र सरकारकडून सरकारला जायला हवे. आपल्याकडे 1967 च्या कायद्याने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान मिळते. कर्नाटकात 1965 च्या कायद्याने ग्रंथालय कर आहे आणि सार्वजनिक ग्रंथालये शासनाचे खातेच चालवते. तिथल्या कर्मचाऱ्याला आमच्या साध्या पत्रावर रजा मिळणार नाही.

पैशांसाठी नवी योजना नको. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनच्या समान निधी योजनेत चर्चासत्रे आणि कार्यशाळांना मदत मिळते. राज्याने आपला वाटा घालून प्रस्ताव वेळेत पाठवावा.

येणाऱ्या नोव्हेंबरसाठी परिपत्रक ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निघणे गरजेचे आहे. लिप्यंतराच्या तक्त्याचा मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
सांगली व सातारा जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल आणि कार्यकर्ते