कोर्ट नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना

काका नमस्कार,

तुमचं नाव मला अजूनही माहीत नाही. पाटीवर नुसतं झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन एवढंच आहे आणि सगळे काकाच म्हणतात. मी तो जुलैमधला मुलगा, धो धो पावसात काळं जाडं लॉगबुक, म्हणजे विमान उडवल्याच्या तासांची वही, दुधाच्या पिशवीत गुंडाळून आलो होतो आणि तुम्ही विचारलं होतं, 'कोणत्या वकिलाकडचं?'

काका, पायलटचं लायसन्स आलं. युरोपचं. परवा हातात पडलं, आईला फोन केला आणि त्यानंतर डोक्यात तुम्हीच आलात. तुम्ही हे मोबाइलवर वाचाल असं वाटत नाही, पण ठाण्यातलं कोणी रोज कोर्टाकडे जात असेल तर प्लीज त्यांना दाखवा.

लोकांना वाटतं पायलट म्हणजे काय, जगात कुठेही जाईल आणि उडवेल. तसं नसतं हो. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाचं लायसन्स लागतं, नाहीतर त्यांची मान्यता तरी. मी एटीआर नावाचं छोटं प्रवासी विमान उडवायचो, ते बनतंच मुळी फ्रान्सला तुलूझमध्ये, आणि आपल्या डीजीसीएच्या, म्हणजे विमान खात्याच्या, लायसन्सवर तिकडे नोंदलेलं तेच एटीआर मला चालत नाही! मग परत 13 पेपर, आपल्याकडे 70 ला पास तर तिकडे 75, सगळे 18 महिन्यांत संपवायचे, मेडिकल त्यांचं, टेस्ट त्यांची. आमची कंपनी बंद पडली होती, घरी बसून केलं सगळं. ते रडगाणं नको आता.

पण एक सांगतोच. वाशीला एक एसी ऑफिस आहे, नाव घेत नाही, त्यांनी 'कागदपत्रांची संपूर्ण तपासणी' म्हणून माझ्याकडून 85 हजार घेतले. सर टेन्शन घेऊ नका, सर आपण आहोत ना. मिळालं काय तर दोन पानी पीडीएफ, तीसुद्धा कुठून तरी उचललेली, आणि त्यावर 'लॉगबुक ओके' असा शेरा. माझ्याच बॅचचा एकजण तिकडे सेटल झालाय, त्याला चार मेसेज केले, चारही ब्लू टिक. आणि त्या लॉगबुकमधली चूक तुमच्या मशीनवर सापडली, दोन रुपये पानाच्या दरात.

त्या दिवशी साडेआठ वाजून गेले होते, तुमचं शटर अर्धं खाली होतं. मी म्हटलं नोटरीला सकाळी द्यायचंय, तुम्ही काही न बोलता शटर वर केलंत. पंधरा-वीस पानं झाली असतील आणि तुम्ही एकदम मशीन थांबवलंत. पुस्तक माझ्याकडे फिरवलंत आणि बोट ठेवलंत. एका पानाच्या तळाला एकूण 468 तास 35 मिनिटं, पान उलटलं तर डोक्यावर 486 तास 35 मिनिटं. 'दादा, हे ओढताना आकडा फिरलाय बघा.'

मी उभा थंड. कारण पुढची सगळी पानं त्याच 486 वर चढत गेलेली. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत, बसा म्हणालात. मी कॅल्क्युलेटर उचलला तर तुम्हीच म्हणालात की त्यात तास-मिनिटं जमायची नाहीत, तो शंभराने चालतो आणि घड्याळ साठाने. मग एका बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलने तुम्ही हातानेच बेरीज मांडलीत, मिनिटांचा हातचा तासात, ओळीखाली ओळ. बाहेर रिक्षांचा गोंगाट, पाऊस, आणि तुम्ही शाळेतल्या मास्तरांसारखे पुटपुटत होतात. शेवटी आलं 1,494. माझ्या फॉर्मवर होतं 1,512.

तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, घशातून आवाजच निघत नव्हता. एटीपीएल म्हणजे आमचं सगळ्यात वरचं लायसन्स, त्याला किमान 1,500 तास लागतात आणि मी छाती फुगवून तेच मागायला निघालो होतो. न उडवलेले तास नुसते लिहून भरतात त्याला आमच्यात पार्कर पेनचे तास म्हणतात. 2011 ला खोट्या मार्कशीटवर लायसन्स घेतलेले पायलट पकडले गेले होते आपल्याकडे. तिकडच्या साहेबाने मला त्याच रांगेत उभं केलं असतं, आणि चूक होती, चोरी नव्हती, हे मी कुणाला आणि कसं पटवणार होतो?

मी व्हाइटनर मागितला तर तुम्ही जवळजवळ ओरडलात. 'कागदाला व्हाइटनर लावलं की कागद मेला. एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा आणि सही.' काका, लॉगबुकचा नियमही अगदी हाच आहे! मला फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवला होता आणि ऐनवेळी विसरलो मीच. रात्री बसून 31 पानांवर रेघा मारल्या आणि सह्या केल्या. एटीपीएलचा हट्ट सोडला, त्याच्या खालचं सीपीएल मागितलं, आता राहिलेले सहा तास तिकडे दोन-चार फेऱ्यांत भरतील.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं वाचायला? झेरॉक्सवाल्याने पान ठेवायचं, बटण दाबायचं. तुम्ही म्हणालात, तीस वर्षं कोर्टाचे कागद काढतोय, वरखाली आकडा जुळतो का बघायची खोड लागलीय. ही खोड त्या वाशीच्या एसीत एकालाही नव्हती. पैसे घेतलेला माणूस बघत नाही आणि ज्याचा काही संबंध नाही तो दुकान बंद करायचं सोडून बघतो, आता याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी सगळी पानं नव्याने काढलीत तेव्हा आदल्या रात्रीच्या पानांचे पैसे घेतले नाहीत, वर माझ्याकडे सुट्टे नव्हते म्हणून 12 रुपये राहिले ते राहिलेच. तो पेन्सिलच्या बेरजेचा कागद लॉगबुकच्या कव्हरमध्ये आहे, सोबत नेतोय.

शनिवारी आलो होतो, दुकान बंद होतं. शेजारच्या चहावाल्याकडे पेढ्यांचा बॉक्स ठेवलाय, लवकर घ्या, त्याचा भरवसा नाही. 12 रुपये बॉक्सच्या खाली चिकटवलेत.

तुमचा,
लॉगबुकवाला