किलोवॅट ‘दर तासाला’ नसतो

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. ऊर्जेच्या पाठावरील चाचणीत एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘हा सौर प्रकल्प दर तासाला पाच हजार किलोवॅट वीज तयार करतो.’ मी ‘दर तासाला’ या शब्दांखाली लाल रेघ ओढली आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आली. वाक्याची घडण तीच होती. “बाई, पेपरात छापलंय,” एवढेच ती म्हणाली. ते वर्तमानपत्र कोणते हे सांगत नाही, कारण अशी वाक्ये सगळीकडेच वाचायला मिळतात. पण मुले छापील शब्दावर विश्वास ठेवतात आणि त्यांनी तो ठेवावा असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र.

किलोवॅट हे ऊर्जेचे एकक नाही, शक्तीचे आहे. ऊर्जा किती झपाट्याने दिली किंवा वापरली जाते, तो दर म्हणजे शक्ती. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. काळ त्यात आधीच मोजला गेला आहे, त्यामुळे पुढे पुन्हा ‘दर तासाला’ लिहिले की अर्थच बिघडतो. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले तर एक किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल ऊर्जा लागते. बोलताना आपण ज्याला विजेचे ‘युनिट’ म्हणतो, ते हेच. वर्गात मी नळ आणि बादली दाखवते. नळाची धार म्हणजे किलोवॅट, बादलीत साठलेले पाणी म्हणजे किलोवॅट-तास.

एवढ्यानेही पटले नाही, तर आम्ही जिन्यापाशी जातो. ६० किलो वस्तुमानाची व्यक्ती ३ मीटर उंच चढली की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १७६४ ज्यूल कार्य होते. सावकाश १२ सेकंदांत चढले काय आणि धावत ४ सेकंदांत चढले काय, हा आकडा बदलत नाही. शक्ती मात्र पहिल्या वेळी १४७ वॅट असते, दुसऱ्या वेळी ४४१. धापा टाकत वर पोहोचलेल्या मुलाला ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. अपघाताच्या बातम्यांमध्ये आणि सुरक्षेच्या आवाहनांमध्ये ‘वेग दुप्पट, धोका दुप्पट’ अशा धर्तीची वाक्ये असतात. गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे वस्तूत असणारी ऊर्जा, वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढते. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत चौपट ऊर्जा असते आणि ब्रेकना तेवढी सगळी जिरवावी लागते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी साधारण ९ मीटरांत थांबेल, तर दुसरीला ३५ मीटर लागतील. चालकाचे लक्ष जाऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर आणखी वेगळे. ते मात्र दुपटीनेच वाढते. मुले ‘अर्धा एम व्ही वर्ग’ हे सूत्र घडाघडा म्हणतात, पण त्यातला ‘वर्ग’ हा शब्द कुणाचा तरी जीव वाचवणारा आहे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

तो वर्ग डोळ्यांनी पाहता येतो. मऊ ओल्या मातीचा जाड थर पसरायचा. धातूची गोळी आधी २५ सेंटिमीटर उंचीवरून सोडायची, मग १ मीटरवरून. उंची चौपट केली की आदळतानाचा वेग दुप्पट होतो. मातीत पडलेल्या दोन्ही खळग्यांत ड्रॉपरने काठोकाठ पाणी भरायचे आणि थेंब मोजायचे. दुसऱ्या खळग्याला चौपटीच्या आसपास थेंब लागतात. मोजता मोजता सगळी मुले आपोआप शांत होतात, तो क्षण मला फार आवडतो. अठराव्या शतकात डच शास्त्रज्ञ ग्रावेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीत टाकून हेच तपासले होते आणि एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने त्या निष्कर्षांच्या आधारे वेगाच्या वर्गाची बाजू ठामपणे मांडली. त्या काळी युरोपातले विद्वान ‘वेग की वेगाचा वर्ग’ यावरून हिरिरीने भांडत होते. आमच्या मुलांना ते भांडण दहा मिनिटांत सुटलेले दिसते.

तरंगांबद्दल थोडेच लिहिते. लांब दोरीच्या मध्यावर रंगीत फीत बांधून एक टोक झटकले की उंचवटा दुसऱ्या टोकापर्यंत धावतो. फीत वर-खाली होते आणि जागच्या जागी राहते. पुढे गेली ती ऊर्जा, दोरी नव्हे. हे समजले की खोल समुद्रातली त्सुनामी ताशी सातशे किलोमीटर वेगाने जाते म्हणजे तेवढ्या वेगाने पाणी वाहत जात नाही, हेही लक्षात येते. ते पाणी आत घुसते ते किनाऱ्यावर, लाट मंदावून उंच झाल्यावर. भूकंपाच्या बातमीत सहा आणि सात हे आकडे शेजारी छापले की वाचकाला फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात परिमाण एकाने वाढले की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते आणि दोनाने वाढले की हजार पट. बातमीत हे एक वाक्य जोडायला दोन ओळीही लागणार नाहीत.

माझी विनंती मोठी नाही. शुद्धलेखन जसे तपासले जाते तशीच बातमीतली एककेही छपाईआधी कुणीतरी पाहावीत. किलोवॅट आहे की किलोवॅट-तास, एवढे पाहिले तरी बऱ्याच चुका टळतील. नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस शब्दांची एक पानभर यादी मी उदाहरणांसह करून ठेवली आहे. आपल्या संपादकीय विभागाला ती उपयोगी वाटत असेल, तर लगेच पाठवते.

त्या विद्यार्थिनीचा अर्धा गुण मी परत दिलेला नाही. पण कात्रणातले वाक्य दुरुस्त करून आण, मग देते, असे तिला सांगितले आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका